घंटीला घंटी

१

थंडी हाडांत शिरायला लागली की आमच्या बाबांना सायकल सहलीची उबळ येते. उन्हाळ्यात नाही. "उन्हात काय, कुणीही सायकल चालवतं," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे शहाणी माणसं पांघरुणात बसून दुसरा चहा मागत असतात तेव्हा आम्ही नाक पुसत कुठल्या तरी ओसाड रस्त्यावर पेडल मारत असतो. आई दरवर्षी गुडघ्यांचं कारण सांगून सुटते. बाकी वर्षभर तिचे गुडघे ठणठणीत असतात.

यंदाही आम्ही तिघंच होतो. बाबा, ताई आणि मी. मोठ्या तलावाला वळसा घालणारा रस्ता, पलीकडच्या काठावर एक अतिथीगृह, तिथे दोन मुक्काम आणि परत. फोन बाबांच्या पुढच्या पिशवीत जमा. सहलीत फोन चालत नाहीत. बाबांचे असे 'चालत नाही'चे कायदे पुष्कळ आहेत, पण सगळ्यांत जुना कायदा घंटीचा.

बाबा पुढे, मी मधे, ताई शेवटी. वळण आलं, पूल आला की बाबा घंटी वाजवणार. मग मी वाजवायची, मग ताईने. घंटीला घंटी. मागच्या दोन्ही ऐकू आल्या की बाबा निवांत पुढे जातात. मागे वळून ते बघत नाहीत आणि आम्हीही बघायचं नाही. "मान वळली की हँडल वळतं, हँडल वळलं की माणूस खड्ड्यात," हे वाक्य मी बोलायला शिकायच्या आधीपासून ऐकत आले आहे.

"मग आरसा लावा ना, बाबा."

"आरशात लक्ष अडकतं. कानाचं तसं नसतं. घंटी आली म्हणजे माणूस आहे."

"किंवा नुसती घंटी आहे."

"मिरचे, तू मास्तरीण झालीस म्हणून मला शिकवू नकोस."

घरात मला मिरची म्हणतात. कॉलेज संपवून मी एका शाळेत शिकवायला लागले, तेव्हापासून या नावात थोडा आदर मिसळला आहे, असं मी समजते. ताईला कुणी टोपणनाव ठेवलंच नाही. तशी वेळ तिने कधी येऊ दिली नाही. बाबांचं चष्म्याचं दुकान आहे. बाबा गिऱ्हाइकांशी गप्पा मारतात आणि डोळे तपासण्यापासून काचा घासण्यापर्यंत बाकी सगळं ताई करते.

बाबांची घंटी जाडजूड पितळी, टर्रिंग करून रानभर घुमणारी. माझी नवी, स्वच्छ टिंग वाजणारी. ताईची शाळेपासूनची. तिच्या वाटीला चीर गेली आहे आणि थंडीत ती नुसती 'टक्' करते, कुणी नखाने कपबशी वाजवावी तशी. "बदल ती," बाबा दरवर्षी म्हणतात. ताई बदलत नाही. बाबांचं न ऐकलेली तिच्या आयुष्यातली ही एकच गोष्ट.

दुसरी गोष्ट या वेळी तिच्याबरोबर आली होती. दूरच्या शहरात, काचा बनवणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात तिला जागा मिळाली होती. सहलीवरून परतलं की हो किंवा नाही कळवायचं होतं. बाबांना काहीच ठाऊक नव्हतं.

"या दोन दिवसांत तू सांग," मी निघताना तिला बजावलं. "नाहीतर मी सांगेन, आणि मी कशी सांगते ते तुला माहीत आहे."

"सांगते गं," ताई म्हणाली. तिच्या तोंडून निघालेली वाफ माझ्या चष्म्यावर बसली.

२

तलावाच्या काठाला लागलो तेव्हा धुकं इतकं दाट होतं की पुढे बाबांच्या कॅरिअरवरची निळी ताडपत्री तेवढी दिसत होती. ती दिसेनाशी झाली की रस्ता संपल्यासारखा वाटे. पाणी डाव्या हाताला असणार, पण ते फक्त ऐकू येत होतं. काठाच्या दगडांना कुणी सावकाश चाटत असल्यासारखं.

पहिला पूल आला. बाबांनी वाजवली. टर्रिंग. मी वाजवली. टिंग. मागून ताईची. टक्.

आणि मग तिच्याही मागून, जरा लांबून, टिंग.

मला वाटलं कुणी सायकलवाला येत असेल. येऊ देत. पण पुढच्या पुलावर पुन्हा तेच झालं. टर्रिंग, टिंग, टक्, आणि तेवढाच वेळ सोडून टिंग. आमच्या रांगेत आपला नंबर असल्यासारखी.

चहाला थांबलो. आम्ही तिघं रस्त्याच्या कडेला उभे राहून थर्मासच्या झाकणातून आळीपाळीने चहा प्यालो. मागून कुणीच आलं नाही.

"ताई, तुझ्या मागे कोण होतं?"

"कुणी नाही. मला वाटलं तूच दोनदा वाजवलीस."

"तुझ्या मागून आवाज आला आणि तुला वाटलं मी वाजवली?"

ताईने खांदे उडवले. "धुक्यात काही कळत नाही."

"प्रतिध्वनी," बाबा म्हणाले. "एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला दरड. शाळेत शिकवत नाहीस का?"

"शिकवते ना. म्हणूनच विचारते, प्रतिध्वनी एकट्या माझ्याच घंटीचा का? तुमची एवढी देवळातल्यासारखी घणघणते, तिचा का नाही आला?"

"झाकण लाव थर्मासचं. चहा निवतोय."

आमच्या घरातल्या सगळ्या वादांचा शेवट असाच होतो. कुठलं तरी झाकण लावायचं असतं.

३

अतिथीगृहात आमच्याशिवाय कुणी नव्हतं. मालकीणबाई जाड अंगाच्या, कपाळावर कायम आठी. "या थंडीत सायकलवर? कुणी पैज लावली होती?" असं म्हणून त्यांनी आमच्या सायकली स्वयंपाकघरामागच्या कोठीत ठेवायला लावल्या आणि कुलूप घालून किल्ली कमरेला अडकवली. त्या मला लगेच आवडल्या.

सकाळी जेवणघरात उबदार वाटत होतं. खिडकीच्या काचांवर आतून दव साचलं होतं. बाबांनी आपली घंटी सायकलवरून काढून आणली होती. थंडीत स्प्रिंग आखडते म्हणून ते तिला रोज टेबलावर घेऊन पुसतात, तेल देतात. आम्हा दोघींना लहानपणी एवढं पुसलं नसेल. ताई अंड्याचं कवच सोलत होती. मी पावाला लोणी लावत होते. बाबांनी तेल दिलं, घंटी कानाशी धरली आणि वाजवून पाहिली.

टर्रिंग.

स्वयंपाकघरामागून, कोठीच्या बंद दाराआडून उत्तर आलं. टिंग.

मग आणखी एक. टिंग.

माझी सुरी पावात तशीच राहिली. ताई अंड्याकडे बघत होती. बाबा मात्र हसायला लागले. मनापासून, डोळे बारीक करून.

"बघा! याला म्हणतात वळण. सायकलीसुद्धा उत्तर द्यायला शिकल्या. तुमच्यापेक्षा शिस्तीच्या आहेत."

"बाबा, कोठीत कोण आहे?"

"कोण असणार? नळ्यांचा आवाज तो. गरम पाणी सोडलं की नळ्या वाजतात."

मालकीणबाई अंडी घेऊन आल्या. मी विचारलं, तर म्हणाल्या, "कोठीत? किल्ली ही इथे माझ्या पोटावर आहे. आणि नळ्या कसल्या वाजताहेत, अजून बंब पेटवलेला नाही. धूर करतोय मेला."

बाबांनी ऐकलं नाही. ते स्प्रिंग पुसत होते.

मी स्वतःला समजावलं. लाकूड आकसतं, पत्रे आकसतात. थंडीत जग किती तरी आवाज करतं. एक अधिक एक असे दोन आवाज आले, त्यात काय एवढं. पण मी स्वतःला समजावत असताना ताई माझ्या कानाशी वाकली.

"माझी अशी वाजत नाही," ती म्हणाली.

४

दुपारी तलावाच्या दुसऱ्या टोकाला बंधाऱ्यावर थांबलो. तासभर ऊन पडलं होतं. अंगातली ऊब ओळखीची वाटायला लागली होती आणि सकाळची गोष्ट मला हास्यास्पद वाटत होती. मी ताईला कोपराने ढोसलं.

"बाबा, मला तुमच्याशी जरा बोलायचं होतं," ताई म्हणाली.

"बोल की."

"या सोमवारी..."

"सोमवारी त्या मोठ्या काचांचा माल येणार आहे. तू आहेसच उघडून बघायला."

"मी नसेन, बाबा."

"बरं, मग दुपारनंतर ये."

"तसं नाही. मी पुढेही नसेन."

बाबा थर्मासचं झाकण फिरवत होते. आटे नीट बसत नव्हते. "पुढे बसायचं कशाला तुला? पुढे मी असतो गल्ल्यावर. तू आत मशीनवर."

मला राहवलं नाही. "बाबा, ती काय म्हणतेय ते ऐका तरी! एकदा तिच्याकडे बघा. ती..."

ताईने माझा हात घट्ट दाबला. "मी सांगेन. मला सांगू दे."

"सांग, सांग. परत गेल्यावर निवांत सांग," बाबा उठले. "धुकं उतरतंय. चला, रांग लावा."

मी त्यांना तेव्हाच अडवायला हवं होतं, असं वाटतं. पण आम्ही मुकाट्याने रांग लावली. ताईने शेंदरी कानटोपी डोळ्यांपर्यंत ओढली. आईने विणलेली, माझी तशीच हिरवी. ताईचे डोळे भरले होते की थंडीने पाणी आलं होतं, मला कळलं नाही.

"मुलगी नकोय त्यांना," मी म्हटलं. "नुसतं उत्तर देणारं कुणी तरी हवंय."

"चल, मिरचे," ताई म्हणाली. बंधाऱ्यावर ती माझ्याशी बोललेलं ते शेवटचं वाक्य.

५

परतीच्या पहिल्या वळणावर बाबांनी वाजवली. टर्रिंग. मी वाजवली. मागून ताईची टक्. तिच्या मागून टिंग. मी दात आवळून पेडल मारत राहिले.

दुसऱ्या वळणावर क्रम बदलला. बाबा. मी. मग टिंग. मग, जरा लांबून, टक्.

ते जे काही होतं ते माझ्या आणि ताईच्या मधे आलं होतं.

"बाबा!" मी ओरडले. "थांबा जरा!"

"चढ आहे. चढावर थांबायचं नाही!"

पुढच्या वळणावर बाबांची टर्रिंग आली, मी वाजवली आणि मागून एकच घंटी आली. मी वाट पाहिली. आणखी आवाज आला नाही. आम्ही तीन माणसं, तीन घंट्या. हिशेब जुळला होता, गेली ती बला. मी इतका मोठा श्वास सोडला की वाफेने चष्मा पांढरा झाला.

तो पुसता पुसता माझ्या लक्षात आलं. मागून आलेली घंटी टिंग वाजली होती.

आयुष्यात पहिल्यांदा मी चालत्या सायकलवरून मान वळवली. हँडल वळलं नाही. धुक्यात शेंदरी कानटोपी होती. सायकल बरोबर तेवढ्याच अंतरावर होती, जेवढ्यावर ताई नेहमी असते. मान खाली, मफलर नाकापर्यंत. जीव भांड्यात पडावा असंच सगळं होतं. फक्त ताईची चेन कुरकुरते, आणि या सायकलला कसलाच आवाज नव्हता. माझ्या तोंडातून वाफेचे लोट निघत होते. त्या मफलरमधून काही निघत नव्हतं.

"बाबा, ही ताई नाहीये! ताई मागे राहिली!"

"तिन्ही घंट्या आल्या ना?" पुढून आवाज आला. "मग झालं. आरडाओरडा नको, दम लागतो."

मी ब्रेक दाबला आणि सायकल कडेच्या गवतात घातली. ते बाजूने जाईपर्यंत मी माझ्या चाकाकडे बघत उभी राहिले. मला चेहरा बघायचा नव्हता, हे मी लाज न बाळगता लिहिते. टायर रस्त्यावरून गेल्याचा आवाज झाला नाही. नुसता एक गारवा गेला, फ्रिजचं दार कुणी उघडून लावावं तसा.

मग पुढे, धुक्यात, बाबांची घंटी वाजली. टर्रिंग.

माझा अंगठा हँडलपासून लांब होता. दोन्ही हात मी छातीशी धरले होते.

टिंग, पुढून आवाज आला. आणि त्याच्या मागोमाग, टिंग.

बाबा निवांत पुढे गेले.

६

मी उलट्या दिशेने निघाले. ओरडायच्या ऐवजी घंटी वाजवत राहिले. उत्तर आलं नाही की थोडं पुढे जायचं आणि पुन्हा वाजवायची. बाबांची पद्धत माझ्या अंगात एवढी मुरली आहे हे मला त्या दिवशी कळलं.

बऱ्याच वेळाने, काठाच्या बाजूने, टक्.

इतका घाणेरडा, इतका गोड आवाज मी कधी ऐकला नाही.

ताई पाणी उपसायच्या पंपाच्या खोलीशी बसली होती. सायकल उलटी करून ठेवलेली, चेन पडलेली, हात काळेकुट्ट. मला बघताच ती भडकली. ताई भडकलेली मी पहिल्यांदा पाहिली.

"घसा बसला माझा हाका मारून! एकालाही थांबावंसं वाटलं नाही?"

"बाबांना तुझी घंटी ऐकू गेली."

"मी वाजवलीच नाही. हातात चेन होती माझ्या."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, आणि तिचा राग हळूहळू दुसऱ्याच कशात तरी बदलत गेला.

"तुला कुणी दिसलं का, माझ्या आणि तुझ्या मधे?" तिने विचारलं.

"तुला?"

"वळणावर मला तुझी हिरवी टोपी दिसली. मी तिच्या मागे मागे आले, तर रस्ता सोडून इथे. मग ती नव्हतीच आणि चेन पडली."

चेन चढवली. रांग वगैरे लावली नाही. शेजारी शेजारी, हँडलला हँडल घासेल इतक्या जवळून आम्ही निघालो. मधेच ताई म्हणाली, "आज गेल्या गेल्या सांगते बाबांना. चहा न पिता."

"मी दार लावून घेते. थर्मास लपवून ठेवते."

आम्ही दोघी हसलो. खरंच हसलो. धुक्याने ते हसणं लगेच शोषून घेतलं.

७

अतिथीगृहाशी पोचलो तेव्हा उजेड नुकताच विझत होता. मागच्या वाटेने आलो, कारण तीच आधी लागते. कोठीचं दार उघडं होतं. आत बाबांची सायकल टेकवलेली, टायरांना ओला चिखल. तिच्या मागे आणखी दोन सायकली, रांगेत. माझ्यासारखी एक. ताईसारखी एक. मी त्यातल्या एकीच्या सीटला हात लावला. त्यावर गोठलेल्या दहिवराचा थर होता, बोटाच्या पेराएवढा जाड.

ताईने माझी बाही ओढली. जेवणघराची खिडकी उजळलेली होती. काचेवर आतून दव होतं, पण एका कोपऱ्यात कुणी तरी हाताने पुसल्यासारखं स्वच्छ होतं.

टेबलाच्या पलीकडे, आमच्याकडे तोंड करून बाबा बसले होते. समोर तीन कप. बाबा हातवारे करून काही तरी सांगत होते, मधेच थांबत होते आणि पुन्हा सांगत होते. त्यांना एवढं खुलून बोलताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांच्यासमोर, आमच्याकडे पाठ करून, दोघी बसल्या होत्या. एक शेंदरी कानटोपी, एक हिरवी. दोन्ही टोप्या बाबांच्या प्रत्येक वाक्याला हलत होत्या. हो. हो. हो.

"बाबा," ताई म्हणाली. काचेला ऐकू जाईल एवढ्याही मोठ्याने नाही.

मी काचेवर हात आपटला असता. दाराकडे धावले असते. पण माझा अंगठा आधी हलला. मी घंटी वाजवली. टिंग.

बाबांनी बोलणं थांबवून कान टवकारले. आपली पितळी घंटी त्यांनी टेबलावर तेलाच्या फडक्यात ठेवली होती. त्यांनी ती उचलली. टर्रिंग.

खोलीतून उत्तर आलं. टिंग. टिंग.

बाबांनी समाधानाने मान डोलावली. सगळे आहेत. त्यांनी कप उचलला.

ताईने सायकल माझ्या अंगावर ढकलल्यासारखी पुढे आणली. तिच्या काळ्या झालेल्या बोटांनी खटका दाबला.

टक्.

बाबांचा कप ओठांपाशी थांबला.

ताईने पुन्हा दाबला. टक्. टक्. टक्. तुटका, चिरका, वर्षानुवर्षं बदल म्हणून सांगूनही न बदललेला आवाज. बाबांचा चेहरा मला स्पष्ट दिसत होता. गिऱ्हाइकाला भलत्याच नंबरची काच लावली गेली की होतो तसा तो झाला. त्यांनी समोरच्या शेंदरी टोपीकडे पाहिलं. नीट पाहिलं, बहुतेक पहिल्यांदाच. कपातला चहा टेबलावर सांडायला लागला. मग त्यांची नजर खिडकीकडे, आमच्याकडे यायला निघाली.

पण त्यांच्या आधी त्या दोघींच्या माना वळल्या. सावकाश, एकदमच, पार मागे, आमच्या दिशेला.

त्यांचे खांदे मात्र जागचे हलले नाहीत.